डाव्या पेटीतले मत

ओनेझिम फेक्तो हे माझे पणजोबा. क्वेबेकमधली खडकाळ जमीन धाकट्या भावाच्या हवाली करून ते सीमा ओलांडून नदीकाठच्या या गिरण्यांच्या शहरात आले आणि सही म्हणून आयुष्यभर फुली मारीत राहिले. त्यांचा मुलगा तेलेस्फोर, माझे आजोबा. त्यांना फ्रेंच प्रार्थनापुस्तक अडखळत वाचता येई. पण मतदारयादीत नाव घालायला गेले तेव्हा कारकुनाने राज्यघटनेचे पान इंग्रजीतून वाचून दाखवायला सांगितले, आणि ते टोपी हातात घेऊन परत आले. तेलेस्फोरचा मुलगा ओव्हिला, माझे वडील. बुटांच्या कारखान्यातून आल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी तेच पान दोन हिवाळे घोकले आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिले मत दिले. त्या दिवशी आईने रविवारचा टेबलक्लॉथ अंथरला होता. त्यांची मी मुलगी, लिओन्तिन, लग्नानंतरची सोसिए. या घरात वाचता येणे म्हणजे काय होते, ते ठाऊक असल्यावाचून माझ्या हातून जे घडले ते कोणाला नीट समजणार नाही. मला स्वतःला ते समजायला चोवीस वर्षे लागली, आणि तेही एका बारा वर्षांच्या मुलीने विचारले म्हणून.

नोएमी ही माझी पणती. तिच्या आईची रुग्णालयातली पाळी सातला सुटते, म्हणून गुरुवारी ती शाळेतून थेट माझ्याकडे येते. त्या गुरुवारी तिला शाळेने तक्ता करायला दिला होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या गेल्या पंधरा निवडणुका. एका रकान्यात जनतेची मते, शेजारच्या रकान्यात निर्वाचकांची. जिथे दोन रकान्यांचे एकमेकांशी पटत नाही, ती ओळ गुलाबी रंगवायची. मी कांदा चिरीत होते. जास्त लोकांनी ज्याला मते दिली तो माणूस हरतो कसा, असे तिने विचारले, आणि या शहरातल्या चौदाशे दारांत उभी राहून जे मी वर्षानुवर्षे सांगितले तेच तिला सांगितले: नोव्हेंबरात लोक मत देतात ते खरे तर आपापल्या राज्यापुरते, मग राज्याच्या वतीने थोडी नेमलेली माणसे डिसेंबरात त्या राज्याच्या राजधानीत जमतात आणि त्यांची मते मोजली जातात, आपल्या राज्याची अशी चार. तिने मान हलवली, पेन्सिल चावली, टॅब्लेटवर बोट सरकवले. मग आमच्या फ्रेंच घरांत आजीला हाक मारतात तशी मारून म्हणाली, “मेमेर, चार ना? मग या ओळीत तीनच का?” आणि मी काही बोलण्याआधीच तिला तळटीप सापडली. मोठ्याने वाचणे हा तिचा छंद आहे. आमच्या घरात तो कौतुकाचाच विषय. एका निर्वाचकाने आपल्या दोन चिठ्ठ्या उलटसुलट पेट्यांत टाकल्या. मतदान गुप्त असल्याने नाव नोंदलेले नाही. तथापि हात कापण्याचा विकार असलेले वृद्ध निर्वाचक आदेलार क्लुतिये यांच्याकडून हे घडले असावे, असे मानले जाते. इतके वाचून तिने वर पाहिले.

“तू ओळखायचीस यांना?”

“हो.”

“बिचारे. वाचता येत नव्हतं का त्यांना?”

कांद्याचे निमित्त होते म्हणून डोळे पुसता आले. आदेलारला दोन भाषांत वाचता येत होते, रोजची दोन वर्तमानपत्रे तो शेवटच्या पानापर्यंत वाचीत असे, असे मी तिला सांगितले. आणि माझ्या आवाजात असा काही कडकपणा आला असावा की तिने तक्ता मिटून ठेवला. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात तशीच बसून राहिले. नदीवरून येणारा वारा खिडकीच्या फटीतून आत शिरत होता. मनात एकच गोष्ट फिरत होती. इतकी वर्षे हे प्रकरण मी आमच्या शहरापुरते समजत होते, आमच्या स्नोशू क्लबातल्या पत्त्यांच्या टेबलापुरते. ते कुठल्या तरी तक्त्याच्या पायाशी बारीक अक्षरांत जाऊन बसले आहे, आणि देशभरातल्या बारा वर्षांच्या मुली ते मोठ्याने वाचीत आहेत, हे माझ्या कल्पनेतही आले नव्हते.

त्या वर्षीचा डिसेंबर मला वासासकट आठवतो. सभागृहात मेणाचे पॉलिश केलेले होते आणि ओल्या लोकरी कोटांची दुर्गंधी त्याच्यावर चढली होती. आमचा उमेदवार देशात हरला होता. जनतेची मते त्यालाच अधिक होती, काही लाखांनी अधिक. आणि तरी तो हरला होता. आमच्या राज्यात मात्र तो जिंकला, म्हणून आम्ही चौघे हरलेल्या माणसाला मत द्यायला सणाचे कपडे घालून गेलो होतो. मी, आदेलार, किनाऱ्यावरचे वकील मिस्टर स्टर्जिस, आणि मिस डॉज नावाच्या एक शाळामास्तरीण. आमच्या माणसांतले, फ्रेंच नावाचे दोघे एकाच वेळी निवडले गेले ही त्या शहरासाठी साधी गोष्ट नव्हती. निघताना पाद्रीबुवांनी रस्त्यावर येऊन आमच्या गाडीला आशीर्वाद दिला होता. मी सत्तावन्न वर्षांची होते. निळा सूट, आईचा मोत्यांचा ब्रोच. पुढच्या बाकाजवळ वर्तमानपत्राचा छायाचित्रकार गुडघा टेकून बसला होता. त्याला पाहून मी चष्मा पर्समध्ये ठेवला. एवढेच. पुढे जे झाले त्याचे कारण म्हणून मी नंतर पुष्कळ भारदस्त गोष्टी जमवल्या, पण कारण एवढेच होते.

प्रत्येकाला दोन जाड पिवळसर चिठ्ठ्या दिल्या होत्या, छापलेल्या, एकसारख्या. एकीवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे नाव, दुसरीवर उपाध्यक्षपदाच्या. डावी पेटी पहिल्या पदाची, उजवी दुसऱ्याची. चिठ्ठी एकदा दुमडून टाकावी, असे सभेचे अध्यक्ष म्हणून स्टर्जिस यांनी सांगितले. मी दोनदा दुमडली आणि घडीवरून नख ओढले. सव्वीस वर्षे मी बुटांच्या कारखान्यात शिलाईखात्याची मुकादम होते. कातड्याची कड दुमडून नखाने दाबल्याशिवाय ती सुईखाली द्यायची नाही, ही सवय बोटांत मुरलेली होती. अक्षरे मला धुरकट दिसत होती. वरची चिठ्ठी पहिल्या पदाचीच असणार, असे मी गृहीत धरले आणि छायाचित्रकाराकडे पाहात ती डाव्या पेटीत सोडली. मोजणी सुरू झाली. डाव्या पेटीतली पहिली चिठ्ठी उघडली, नाव वाचले. दुसरी उघडली, वाचले. तिसरी उघडायला स्टर्जिस यांना वेळ लागला. त्यांनी ती एकदा उलगडली, मग आणखी एकदा. ते थांबले, चिठ्ठी उजेडाकडे धरली, आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचे नाव वाचले.

त्यानंतर जे मिनिट गेले ते मी कितीदा उघडून पाहिले असेल, सांगता येणार नाही. स्टर्जिस सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, कोणाकडून नजरचूक झाली असल्यास त्यांनी आत्ता सांगावे. कागदांवर शिक्का बसेपर्यंत नवी चिठ्ठी देण्यास हरकत नाही. सभागृहात पन्नासएक माणसे होती. कोणी खोकले. उभे राहायचे आणि ‘मी वाचले नाही’ म्हणायचे, इतकेच होते. पण लहानपणी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलतो म्हणून ‘मुक्या बेडका’ असे हिणवीत आमच्यामागे धावणारी पोरे, कारकुनासमोर टोपी काढून उभे असलेले आजोबा, टेबलाशी ओठ हलवीत बसलेले वडील, ही सगळी मंडळी त्या मिनिटात माझ्या खांद्यांवर येऊन बसली, असे मी पुढे स्वतःला सांगत आले. ते खरे असेलही. त्यांनी माझा खांदा दाबला म्हणून मी बसून राहिले, की बसून राहायचे ठरल्यावर त्यांना बोलावून घेतले, हे मात्र मला आजही ठरवता येत नाही. तेवढ्यात मिस डॉज यांची नजर आदेलारच्या हाताकडे गेली. तो त्याच्या गुडघ्यावर नेहमीसारखा थरथरत होता. मग स्टर्जिस यांची गेली. मग मागच्या बाकांची. कोणी एक शब्द बोलले नाही, आणि तरी तिथे मतदान होऊन गेले. आदेलारने सगळ्यांकडे पाहिले, शेवटी माझ्याकडे. मग तो म्हणाला, “हात हल्ली ऐकत नाही माझं.” हे खोटे नव्हते. नवी चिठ्ठी मात्र त्याने मागितली नाही. ती मागितली असती तर त्याला खोटे बोलावे लागले असते. शिक्का बसला. राज्याची चार मते तीन झाली. देशाच्या निकालात त्याने काडीचाही फरक पडला नाही, आणि या वाक्याच्या आडोशाला मी चोवीस वर्षे काढली.

परत येताना गाडी तोच चालवीत होता. हात थरथरत असला तरी चाकावर ठेवला की तो शांत होई. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ साचले होते. कारखान्यात तो वीस वर्षे माझ्या समोरच्या टेबलाशी उभा राहिला होता. माझ्या नखाची घडी त्याने हजारो वेळा हातात घेतलेली. नदीच्या पुलावर तो म्हणाला, “लिओन्तिन, चष्मा काही वाईट नाही दिसत तुला.” समोरून नजर न काढता म्हणाला. यावर मी रस्ता निसरडा आहे, सावकाश चालव, असे सांगितले.

दोन आठवड्यांनी मी त्याला पक्षाच्या वॉर्ड समितीतून काढले. हे मी अत्यंत गोड शब्दांत केले. प्रकृतीला जपायला हवे, तरुणांना संधी द्यायला हवी. समितीची अध्यक्ष मी होते आणि माझा शब्द ओलांडण्याची आमच्या वॉर्डात पद्धत नव्हती. खरे पाहता मला त्याच्यासमोर दर मंगळवारी बसवले नसते. तो माझ्याकडे काही मागत नव्हता, हेच मला सहन होत नव्हते. त्याने राजीनामा लिहून दिला, टोपी घातली आणि गेला. क्लबात रोझेर बोल्दुकने त्याचे विनोद केले. “आदेलारला पत्ते पिसू देऊ नका रे, राजाच्या गादीवर गुलाम बसवील.” माणसे हसत. आदेलारही हसे. काही दिवसांनी तो शनिवारी यायचा थांबला. या शहरात ज्याला विचाराल त्याने त्या दिवसाचे उत्तर एकच दिले असते. आदेलारच्या विरुद्ध इतके निर्विवाद बहुमत कोणत्याही निवडणुकीत मी पाहिले नाही. त्या वर्षी दारोदार फिरून मी लोकांना सांगत होते की जास्त मते म्हणजे न्याय, आणि ती डावलली गेली म्हणून देशाचे नुकसान झाले. बोलताना माझा आवाज भरून येई. लोकांना वाटे, किती तळमळ आहे बाईंना.

दर पंधरवड्याला शुक्रवारी अकरा वाजता आदेलारची मुलगी रोलांद तिच्या स्वयंपाकघरात माझे केस धुते आणि वळवते. ती अडुसष्ट वर्षांची आहे. पार्लर बंद करून तिला पाच वर्षे झाली, पण आम्हा चारपाच जणींचे ती अजून करते. नोएमीने तळटीप वाचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी पाळी होती. टाळावे असे मनात आले. फोनपर्यंत हातही गेला. मग माझ्या लक्षात आले की आदेलार जाऊन चौदा वर्षे झाली आणि या चौदा वर्षांत मी दर पंधरवड्याला त्याच्या मुलीच्या हातात डोके देत आले आहे, डोळे मिटून, बोलत, हसत. मी गेले. सिंकच्या कडेला मान टेकवून बसले. केस ओले झाले की माझी टाळू दिसते. ती रोलांदखेरीज कोणी पाहिलेली नाही. पाणी फार गरम नाही ना मावशी, असे ती नेहमीप्रमाणे विचारत होती. मी छताकडे पाहात सांगितले. घडी, चष्मा, मिनिट, पूल, समितीचेही सांगितले. तिचे हात थांबले. पाणी चालूच राहिले. मग तिने नळ बंद केला आणि टॉवेल माझ्या डोक्याला न गुंडाळता नुसता मांडीवर ठेवला.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “दोन निवडणुका.”

मला अर्थ कळला नाही.

“त्यानंतरच्या. दोन्हीला त्यांनी कोट घातला होता. सकाळी सातपासून दाराशी खुर्ची टाकून बसले होते, मतदारांना न्यायला येणाऱ्या समितीच्या गाडीची वाट बघत. मी म्हटलं, पपा, राहू द्या, पुन्हा काहीतरी घोळ घालाल, लोकांना बोलायला होईल.”

“मग?”

“मग काय, मावशी. कोट काढला.”

केसांतले पाणी मानेवरून पाठीत उतरत होते. मी म्हणाले की मी राजधानीत शपथपत्र पाठवीन, वर्तमानपत्राला लिहीन, ती तळटीप बदलून घेईन. हे सगळे मी रात्रीच मनात मांडून ठेवले होते आणि ते मांडताना मला थोडा अभिमानही वाटला होता. रोलांदने ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, “पाठवा. पण पपांना त्या लोकांनी नाही हिणवलं. ज्यांनी हिणवलं, ते उद्या पाच वाजता क्लबात बीन्स खायला येतात. कागद वाचायला कोणी यायचं नाही.” मग तिने टॉवेल उचलला आणि माझे केस पुसले, पूर्वीइतक्याच काळजीने. केस वळवायचे मात्र राहिले. तिने विचारले नाही, मीही म्हटले नाही.

शनिवारी स्नोशू क्लबाच्या तळघरात साठसत्तर माणसे होती. काकवीत शिजलेल्या बीन्सचा वास, लाल सॉसेज, तपकिरी पाव, लांब टेबलांवर कागदाची आच्छादने. निम्म्या माणसांच्या बारशाला मी गेले आहे. मी आत गेले की कोणीतरी उठून खुर्ची देते. त्या दिवशी तिघे उठले. मी खुर्ची घेतली नाही. मोकळे, न वळवलेले केस घेऊन मी उभी होते आणि बायका एकमेकींकडे पाहात होत्या. रोलांद शेवटच्या टेबलाशी कोट न काढता बसली होती. मी प्लेटवर चमचा वाजवला. माझ्या चमच्याला शांतता मिळायला कधी वेळ लागलेला नाही. मी सांगितले, जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्या. त्या वर्षी डाव्या पेटीत चुकीची चिठ्ठी टाकली ती मी. आदेलार क्लुतियेने आपली दोन्ही मते बरोबर दिली होती. मला हे तिथेच ठाऊक झाले होते, सुधारायला सांगितले तेव्हा मी गप्प बसले, आणि नंतर त्याला समितीतून काढले ते याच भीतीने.

सभागृहातल्या त्या मिनिटापेक्षा हे मिनिट लांब होते, कारण यात सगळे माझ्याकडे पाहात होते. मग रोझेर बोल्दुकने शेजाऱ्याला कोपराने ढोसले. तो अठ्ठ्याऐंशीचा आहे आणि त्याचे ऐकण्याचे यंत्र नेहमी खिशात असते. “काय म्हणतेय ती?” असे त्याने सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिले. ते वाक्य माझ्याऐवजी आपण उच्चारणे त्याला जड जात होते. कोणी तरुण पोरगी हसली आणि गप्प झाली. मी रोझेरच्या टेबलापर्यंत चालत गेले, त्याच्या कानाशी वाकले आणि ओरडून पुन्हा सांगितले: चूक माझी होती, आदेलारची नव्हती. पहिल्यांदा सांगताना मी शब्द निवडले होते, आवाज राखला होता; त्यात थोडी मीच होते. ओरडताना तसे काही करता येत नाही. रोझेरच्या ओठाला बीन्सचा रस लागला होता. तो माझ्याकडे पाहात राहिला.

“तुझी?” तो म्हणाला. “आणि आम्ही त्याला... इतकी वर्षं?” त्याने चमचा खाली ठेवला. “हसायचा गं तो. आमच्याबरोबर हसायचा.”

समितीचा सध्याचा अध्यक्ष माझा पुतण्या रेआल आहे. त्याला मी समितीची नोंदवही आणायला सांगितली. “काकू, आत्ता कशाला, बसा ना,” असे तो पुटपुटला, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून उठला. आदेलारचा राजीनामा जिथे नोंदला होता ते पान सापडायला वेळ लागला. त्याखाली मी लिहिले की हा राजीनामा अन्यायाने घेतला गेला, आणि सही केली, पूर्ण नावाने, फेक्तोसकट. साठसत्तर माणसे ते पाहात उभी होती. काहींनी टोप्या काढल्या होत्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता आले नसते.

रोलांद आली. तिने वही आपल्याकडे वळवली आणि वडिलांच्या नावापासून माझ्या सहीपर्यंत सारे वाचले, मग पुन्हा एकदा वाचले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मी चोरून ज्याची वाट पाहात होते तेही नव्हते. तिला मी जन्मापासून ओळखते. बोलता येऊ लागल्यापासून तिने मला मावशीच म्हटले आहे. तिने कोटाची वरची गुंडी लावली आणि हात पुढे केला. मी तो धरला. तो हात कोरडा, गरम आणि अगदी स्थिर होता.

“फिटलं, मादाम सोसिए,” ती म्हणाली, आणि जिना चढून निघून गेली.